फेअर म्हणजे मध्यम

“सावळी लिही,” ताई म्हणाली.

मी अण्णांच्या कटिंगच्या टेबलावर ताईच्या स्थळासाठी एक कागद भरायला बसलो होतो. अण्णा जेवून आत जरा आडवे झाले होते. आमचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कात्री, खडू, टेप असं सगळं बाजूला सारून मी तो कागद मांडला होता आणि त्याच्या शेजारी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली जाडजूड डिक्शनरी ठेवली होती. तिची तशी गरज नव्हती, पण टेबलावर ती बरी दिसत होती.

“इंग्रजीत सावळी असं काही नसतं,” मी म्हणालो.

“मग काय असतं?”

“डार्क असतं. डार्क म्हणजे अंधार.”

“मग अंधार लिही,” ताई हसून म्हणाली. “पण आहे ते लिही, दिगू. इथं येऊन तोंडं पाडून गेले, असं आता पुन्हा नको.”

ही १९७८ सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो, कराडच्या कॉलेजात एस. वाय. बी. ए.ला इंग्रजी घेऊन शिकत होतो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात इंग्रजी घेणारा मी पहिलाच, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. घरात कुणी ‘टॅम’ म्हटलं की मी ‘टाइम’ म्हणून दुरुस्त करायचो. आईनं मला त्याबद्दल एकदा उलथन्यानं मारलंही होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं नाव वैजयंता. नगरपालिकेच्या शाळेत ती दुसरीच्या वर्गाला शिकवायची. रंगानं ती अण्णांवर गेली होती आणि मी आईवर. मी चांगला गोरापान होतो. देवानं आमच्या घरी रंगांची अदलाबदल केली, असं येणारीजाणारी प्रत्येक बाई म्हणायची आणि आई प्रत्येक वेळी त्यावर उसासा टाकायची. तोवर तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनीही नंतर ‘योग नाही’ असं कळवलं होतं. योग कशामुळे नाही ते सगळ्या आळीला माहीत होतं.

हे चौथं स्थळ मी शोधलं होतं. कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपरात जाहिरात दिसली. सिकंदराबादचं शिंपी घराणं, मुलगा कारखान्यात ड्राफ्ट्समन, मुलगी शिकलेली हवी. मी पत्र टाकलं आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं. मुलाच्या मामांनी टाइप केलेला एक तक्ताच पाठवला होता. नाव, वय, उंची, शिक्षण, रंग, असं एकाखाली एक. तो भरून मुलीनं स्वतःच्या सहीनिशी परत पाठवायचा होता. सोबत मुलाचाही तसाच भरलेला कागद होता, आणि त्याच्या तळाशी शाईनं, मराठीत, त्याच्या हातच्या दोन ओळी होत्या: ‘मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे आधी सांगितलेले बरे.’ खाली सही, श्रीनिवास कुमठेकर.

ताईनं त्या दोन ओळी कितीदा वाचल्या असतील देव जाणे. पहिल्या तीन वेळा “तुम्ही म्हणाल तसं” असं म्हणणारी ती, या वेळी स्वतःहून म्हणाली, “यांना बोलवा.” घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी तर हातातली सुई खाली ठेवली.

तर तो तक्ता मी भरत होतो. रंगाच्या रकान्यापाशी येऊन थांबलो.

डार्क लिहिलं तर ही माणसं येणारच नाहीत, हे मला दिसत होतं. त्यांनी एकदा यावं, ताईशी बोलावं, मग पुढं रंगाचं कोण काढतंय, असा माझा हिशेब. हे झालं वरचं कारण. आतलं कारण असं की कॉलेजच्या मित्रांपैकी एकानं ताईला बाजारात माझ्याबरोबर पाहून “ही तुझी सख्खी?” असं विचारलं होतं, आणि तेव्हापासून मला तिच्या रंगाची लाज वाटत होती. तिची नाही, तिच्या रंगाची, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत काढायचो.

मी लिहिलं, ‘फेअर’.

ताईनं कागद ओढून घेतला. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत. “फेअर? सावळी कुठाय?”

“हेच. फेअर.”

“फेअर म्हणजे?”

“अगं, त्याचे पुष्कळ अर्थ होतात.” मी डिक्शनरी उघडून तिच्यासमोर धरली. एका शब्दाला जवळजवळ पाऊण कॉलम. “पोरांची फेअर वही असते ना, ते एक. रेशनच्या दुकानावर फेअर प्राइस लिहितात, म्हणजे रास्त भाव, ते दुसरं. हवा स्वच्छ असली तरी फेअर. आणि हे बघ, गुड, फेअर, पुअर. गुडच्या खाली आणि पुअरच्या वर.”

“हां, हां,” ती म्हणाली. “माझ्या डी. एड.च्या कागदावर चित्रकलेपुढं फेअर लिहिलंय. म्हणजे बेताचीच.”

“तेच.”

“म्हणजे मध्यम.” तिनं जरा विचार केला. “ना गोरी ना काळी. चालेल. खोटं नाही म्हणता येणार.”

रंगापुढं लिहिलेल्या त्या शब्दाचा अर्थ एकच, हे मला चांगलं ठाऊक होतं. डिक्शनरीत तो अर्थ त्याच कॉलमात होता, मी त्याच्यावर अंगठा ठेवला होता. ताईनं माझं पेन घेतलं आणि खाली मराठीत नीट टोकदार अक्षरात सही केली.

महिन्याभरात ते आले. साताऱ्यात त्यांचे कुणी नातेवाईक होते, तिथं उतरून रविवारी सकाळच्या एस. टी.नं मामा-भाचे दोघंच कराडला आले. अण्णांनी दुकान बंद ठेवून कटिंगच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली होती, त्यावर फुलदाणी. आत आई ताईच्या मागं पावडरचा डबा घेऊन फिरत होती.

“एवढी एक लाव की गं बोटानं. काय बिघडतंय?”

“नको आई. कागदावर मध्यम लिहिलंय आपण. मध्यमच जाऊ दे.”

“काय बाई तुझं एकेक!”

मामांचं नाव बाळकृष्णराव. कोट, कडक इस्त्री, हातात फाइल. बोलताना मध्येच इंग्रजी शब्द पेरायचे, आणि मला ऐकू यावेत अशा बेतानं पेरायचे. मीही कमी नव्हतो. दहा मिनिटांत आमची इंग्रजीत जुगलबंदी सुरू झाली. अण्णा कौतुकानं कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. आयुष्यात एवढा भाव मी कधी खाल्ला नव्हता.

श्रीनिवासराव गप्प होते. तिशीचे असतील. किडकिडीत, रंगानं उन्हात रापलेले, बोलले की आवाज जरा मोठा लागायचा. ते भिंतीच्या कडेच्या खुर्चीवर बसले होते. ताई उपिटाच्या बशा घेऊन बाहेर आली. आईनं तिच्यासाठी त्यांच्या डावीकडं स्टूल ठेवलं होतं. बशा दिल्यावर ताईनं ते स्टूल उचललं, शांतपणे त्यांच्या उजवीकडं नेऊन ठेवलं आणि बसली.

श्रीनिवासरावांच्या ते लगेच लक्षात आलं. “तुम्ही इकडं बसलात,” ते म्हणाले.

“तुम्ही लिहिलं होतं ना.”

“लिहिलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहत नाही.”

“माझ्या वर्गात एक मुलगी आहे तशी,” ताई म्हणाली. “तिला मी खिडकीच्या बाजूला बसवते. मग तिचा चांगला कान माझ्याकडं येतो.”

“आणि खिडकीतून बाहेर बघते ती सारखी.”

“बघते की!” ताई हसली. “पण उत्तरं बरोबर देते.”

तेही हसले. मग ती दोघं शाळेबद्दल, नकाशांबद्दल बोलत राहिली. कारखान्यातल्या यंत्रांचे नकाशे काढताना एक रेघ केसभर चुकली तर काय होतं, ते सांगत होते. ताई पदराचं टोक न चाळवता त्यांच्याकडे सरळ बघून ऐकत होती. आधीच्या तीन वेळांना मी तिला फरशीकडे बघताना पाहिलं होतं. दाराआडून आईनं मला खूण केली, जमतंय म्हणून. मलाही तेच वाटलं. मीच हे जमवलं, असंही वाटलं.

मामांनी बशी खाली ठेवली आणि फाइल उघडली.

“एक्सक्यूज मी, माळवदे,” ते अण्णांना म्हणाले. “एक गोष्ट क्लिअर झालेली बरी. इथं कॉम्प्लेक्शनपुढं फेअर लिहिलंय.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. “आता त्ये इंग्रजीतलं... काय म्हंत्यात, दिगू?”

“फेअर म्हणजे मध्यम,” ताईच म्हणाली. आवाजात काही संकोच नव्हता. “गोरी नाही, काळी नाही, मध्यम.”

मामा मोठ्यानं हसले. वाईट हेतूनं हसले असं नाही, पण हसले. “मध्यम? बाई, फेअर म्हणजे गोरी. व्हाइट! कुठल्याही जाहिरातीत बघा.”

ताईच्या कपाळावर एक आठी आली. ती रागाची नव्हती. पोरानं गणित चुकवलं की ते कुठं चुकलं हे शोधताना तिला तशी आठी पडायची. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मामांनीही माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही इंग्लिशचे स्टुडंट. तुम्हीच सांगा. फेअर म्हणजे काय?”

अगदी सोपा प्रश्न होता. त्याला दोन उत्तरं होती. एक, ‘मध्यम’. ते दिलं असतं तर मामांच्या लेखी मी अडाणी ठरलो असतो, पण ताई सुटली असती. दुसरं, ‘गोरी, आणि ते मी लबाडीनं लिहिलं’. मी तिसरंच दिलं.

“रंगाच्या बाबतीत फेअर म्हणजे गोरीच,” मी म्हणालो. उच्चारसुद्धा अगदी नीट केला.

“मग लिहिलं कुणी असं?”

“ताईनं सांगितलं तसं मी लिहिलं.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून आलं नाही. गरम भांड्याला हात लागल्यावर तो जसा मागं येतो, तसं आलं. पण आलं ते आलं, आणि मी ते मागं घेतलं नाही. मी समोरच्या फुलदाणीकडे बघत राहिलो.

अण्णांचा चेहरा उतरला. “वैजू?” ते म्हणाले. “असं का सांगितलंस गं?”

तिनं एक शब्द बोलायचा अवकाश, मी उघडा पडणार होतो. मी वाट बघत होतो. 

“सही माझी आहे,” ताई म्हणाली. “कागदावर जे आहे ते माझंच.”

 श्रीनिवासरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली, परत घातली. एकदा त्यांनी ताईकडं काही विचारायच्या बेतानं पाहिलं, पण ती खाली बघत होती. चौथ्या वेळीही फरशीच. मामा म्हणाले, “ठीक आहे, आम्ही कळवतो.” चहा झाला. अण्णांनी नारळ दिला. मला म्हणाले, “जा, पावन्यास्नी स्टँडवर सोडून ये.”

मी चपला घालत होतो तेव्हा ताई मागं आली. आत आई रडत होती, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं.

“दिगू,” ती हळू म्हणाली, “अण्णांसमोर नाही बोललास ते ठीक. पाहुण्यांदेखत त्यांनी हात उचलला असता तुझ्यावर. म्हणून मीही गप्प बसले. पण आता स्टँडवर त्यांना खरं सांग. मामांना नाही, त्यांना. मी सावळी सांगितलं होतं, एवढंच सांग.”

“सांगतो.”

“त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल मला. खोटारडी म्हणून नको.”

“सांगतो म्हटलं ना ताई.”

मला त्या वेळी खरंच सांगायचं होतं. स्टँडपर्यंत पंधरा मिनिटांचा रस्ता. मामा पुढं झपझप चालत होते. मी आणि श्रीनिवासराव मागं. मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य मला मूर्ख ठरवत होतं. मराठीत सांगितलं तर लबाड वाटत होतो, इंग्रजीत सांगितलं तर हास्यास्पद.

स्टँडवर मामा चौकशीच्या खिडकीपाशी गेले. आम्ही बाकावर बसलो. मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो.

“तुम्हाला वाईट वाटलं असेल,” तेच म्हणाले. “मामांचं हसणं मनावर घेऊ नका.”

“नाही, नाही.”

“रंगाचं मला काही नव्हतं हो. मीच कुठला गोरा?” ते म्हणाले. “माझं एकदा ठरलेलं मोडलंय. कानाचं मामांनी लपवलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी त्या मुलीला कळलं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा मी ठरवलं, आपण कुणाला फसवायचं नाही आणि फसवणारं माणूसही घरात नको. मी लग्नाची घाई करत नाही ती त्यासाठीच.”

मी मान हलवली.

“आज तुमच्या बहिणीशी बोलताना मला वाटलं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडं पूर्ण वळले. “एक विचारू? तो शब्द त्यांनीच सांगितला होता? म्हणजे, अर्थ माहीत असून?”

त्यांच्या डोळ्यांत आशा होती. ‘नाही’ हा एक शब्द त्यांना पुरला असता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सातारा गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओरडायला लागला, माणसं धावली, मामा हात करून बोलवायला लागले. श्रीनिवासराव उठले, तरी माझ्याकडं बघत होते.

मी त्यांची पिशवी उचलली आणि गाडीकडं चालताना त्यांच्या डाव्या बाजूला गेलो.

गर्दीमुळे गेलो नाही. पिशवीमुळेही नाही. मी मुद्दाम गेलो. इतकी वर्षं मी हे स्वतःलासुद्धा स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यांच्या डाव्या कानाशी, गाडीच्या इंजिनाच्या आवाजात, मी म्हणालो, “ते मी लिहिलं. ताईनं सावळीच लिही म्हणून सांगितलं होतं. तिला फेअरचा अर्थ मी खोटा सांगितला.”

सगळं म्हणालो. एक शब्द गाळला नाही.

पायरीवर चढताना त्यांना माझे ओठ हललेले दिसले असावेत. त्यांनी मान फिरवून उजवा कान पुढं केला. “काय म्हणालात?”

“काही नाही,” मी म्हणालो. “पोचल्यावर पत्र टाका म्हटलं.”

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग मान हलवून आत गेले. गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं, हे सांगताना आज सगळ्यात जास्त लाज वाटते. एक काम उरकल्यासारखं वाटलं. येताना मी कोपऱ्यावरच्या टपरीवर उसाचा रस प्यायलो.

घरी आलो तर ताई कटिंगच्या टेबलापाशी बसली होती. चादर, फुलदाणी काढून ठेवली होती. अण्णा कुठं बाहेर गेले होते. तिच्या पुढ्यात कागद होता आणि तिनं चारपाच ओळी लिहिल्या होत्या. वरच्या मला उलट्या बाजूनंही वाचता आल्या: ‘श्री. श्रीनिवास कुमठेकर यांस, स. न. वि. वि. मी आमच्या कागदात सावळी असे लिहावयास सांगितले होते...’

“पत्ता त्या तक्त्यावर आहे ना?” ती म्हणाली. “तू नसतंस सांगितलं तर म्हणून लिहून ठेवत होते. सांगितलंस?”

“सांगितलं.”

“सगळं?”

“हो. ते मी लिहिलं, तू सावळी सांगितलं होतंस, अर्थ मी खोटा सांगितला, असं सगळं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता.

“मग?” तिनं पेन खाली ठेवलं. “काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले. गाडीत बसले.”

 बाहेर कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून डोकावून गेलं.

“म्हणजे खरं कळूनही...” ती म्हणाली. “म्हणजे रंगच होता तर. मला वाटलं होतं, हा माणूस वेगळा असेल.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. ते पत्र पोस्टात पडलं असतं तर तीन दिवसांत सिकंदराबादला पोचलं असतं. नुसतं ‘पाठव’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ‘पाठव’ म्हणायचं तर का, हे सांगावं लागलं असतं.  तिनं कागदाची घडी घातली, मग ती घडी उलगडली, आणि कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशीच्या पाढ्यांची यादी करायला घेतली. तिला कागद वाया घालवलेला आवडत नसे.

आठवड्यानं सिकंदराबादहून कार्ड आलं, ‘योग नाही’. अक्षर मामांचं होतं. ताईनं ते वाचून आईकडं दिलं आणि म्हणाली, “आता पुरे. आता कुणाला बोलवायचं नाही.” आम्हाला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. तिनं खरंच कुणाला येऊ दिलं नाही. दोनदा अण्णांनी परस्पर ठरवलं, दोन्ही वेळा ती शाळेची सहल काढून निघून गेली.

मी पुढं एम. ए. झालो, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो. आई-अण्णा गेल्यावर ताई आमच्याकडं राहायला आली आणि पुढं मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. आता ती बहात्तर वर्षांची आहे. घरात तिचा शब्द चालतो. माझ्या मुलांना अभ्यासाला तिनंच बसवलं.

गेल्या दिवाळीत माझी धाकटी सून तिच्याशी गप्पा मारत बसली होती. आम्ही जेवत होतो. सुनेनं सहज विचारलं, “आत्या, तुम्हाला कधीच कुणी आवडलं नाही?” आमच्या घरात हे असं कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, ताई उडवून लावेल.

“आवडला होता एक,” ताई म्हणाली. “पण रंगावर गेला. दिसायला सरळ वाटला. पण आतून होता सगळ्यांसारखाच.” मग तिनं माझ्या पानात भाजी वाढली आणि सुनेला म्हणाली, “त्यात एक घोटाळा केला होता हं या दिगूनं. इंग्रजीचा तोरा मिरवायला गेला. पण नंतर भर स्टँडवर जाऊन त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सगळं खरं सांगून आला. एकोणीस वर्षांचं पोर होतं गं! मला वाटलं होतं, हा कच खाणार. नाही खाल्ली. तेवढ्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं.”

सून माझ्याकडं कौतुकानं बघत होती.

“आणखी घे,” ताई म्हणाली. मी घेतली.